दस्तीखालचा भाव

ज्या वस्तूला सगळ्यांसाठी एकच भाव असतो, ती विकणारा माणूस एक तर आळशी असतो नाही तर निर्दयी, असं ठाम मत असलेला एकच गृहस्थ अख्ख्या मराठवाड्यात होऊन गेला आणि नेमका तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. साडू हे नातं कुणी मागून घेत नाही. मुलगी बघायला गेलेला माणूस सासरा बघतो, सासू बघतो, फार तर मेव्हणे किती आहेत याचा अंदाज घेतो. साडू मात्र ताटातल्या लोणच्यासारखा न विचारता वाढला जातो. माझ्या बाबतीत एवढंच झालं, की बाकीचं जेवण मी विसरलो आणि लोणचं तेवढं जिभेवर राहिलं. छापील किंमत दिसली की साडूंच्या कपाळावरची शीर ताठ व्हायची. एकदा कळमनुरीच्या पोस्टात कार्ड घेताना त्यांनी पोस्टमास्तरांना विचारलं, "हिंगोलीला धाडलं तरी कार्डाला तेवढेच पैशे आन् दिल्लीला धाडलं तरी तेवढेच? मंग हिंगोलीवाल्यानं दिल्लीवाल्याचं भाडं काहून भरायचं?" पोस्टमास्तर आधी हसले, मग विचारात पडले, आणि त्यानंतर साडू पायरी चढताना दिसले की खिडकी लावून घेऊ लागले. सरकारी व्यवहारांपैकी फक्त एसटीच्या तिकिटाला त्यांची मान्यता होती. "टप्प्यापरमानं भाव," ते म्हणायचे, "गाव बदललं की भाव बदलला. सरकारात एक तरी शहाणा माणूस हाय बगा." त्या शहाण्या माणसाला शोधून त्याचा सत्कार करावा असंही त्यांच्या मनात होतं, पण त्याचं ऑफिस मुंबईला असल्यामुळे राहून गेलं.

या मताचं मूळ त्यांच्या धंद्यात होतं. साडूंचं घराणं कळमनुरीच्या आठवडी बाजारात शेळ्या-मेंढ्यांची दलाली करणारं. या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, मध्ये दलाल, आणि दलालाच्या खांद्यावरची दस्ती हातांवर टाकली जाते. दस्ती म्हणजे सुती पंचाच, पण आमच्याकडे तिला पंचा म्हटलं तर ती ओळख देत नाही. दस्तीच्या खाली बोटं धरून सौदा चालतो. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, पेर दाबलं तर अर्धं. वर दोन्ही चेहरे असे, की जणू पाऊसपाण्याच्या गप्पा चालल्यात. सौदा पटला की दस्ती झटकायची आणि मोठ्यांदा "झाला!" म्हणायचं. काय झाला ते तिघांनाच ठाऊक. आणि पहिला नियम, शेवटचा नियम, मधले सगळे नियम मिळून एकच: भाव फोडायचा नाही. भाव फोडणारा माणूस त्यांच्या लेखी चोराच्या खाली आणि साक्षीदार फिरवणाऱ्याच्या थोडा वर होता.

ही दस्ती साडूंच्या खांद्यावरून उतरायची ती फक्त अंघोळीला. घरातसुद्धा आणखी किती भाकरी हव्यात हे ते अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, दस्तीखाली बोटं दाबून सांगत, कारण पाहुण्यांसमोर भाकरी मोजू नये. माझ्या लग्नात तर कहरच झाला. मंडपात माझ्या शेजारी येऊन बसले, माझा हात हातात घेतला, त्यावर दस्ती टाकली आणि डोळे मिटले. मला वाटलं, थोरले साडू आहेत, आशीर्वाद देत असतील. मी भक्तिभावानं त्यांची चारही बोटं घट्ट धरली. ते माझा पगार विचारत होते हे मला फार उशिरा कळलं. तोवर नवा जावई महिन्याला चार हजार घेतो ही बातमी सासुरवाडीत पोचली होती. मी तेव्हा शाळेत नवीन लागलेलो मास्तर, निम्म्यालाही महाग. पुढे कैक वर्षं सासूबाई माझ्या जुन्या सायकलीकडे बघून सुस्कारा सोडायच्या, एवढा पैसा हा माणूस कुठं घालवतो म्हणून. खुलासा करायला मी साडूंना विनवलं, तर म्हणाले, "गुर्जी, झालेला सौदा मी मोडत नसतो."

असा हा शेळ्यांतला माणूस व्हिडिओ गेमच्या धंद्यात पडला त्याला कारण हैदराबाद. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बकरी ईदच्या आधी ते बोकड घेऊन हैदराबादला जायचे. त्या वर्षी अक्कांनी येताना प्रेशर कुकर आणायला बजावलं होतं. साडू भांड्यांच्या दुकानाकडे निघाले, आणि वाटेत एका दुकानात टीव्हीवर एक छोटा मिशीवाला माणूस भिंतींवर टणाटण उड्या मारताना त्यांना दिसला. पोरं खोक्याची बटणं दाबत होती तसा तो उडत होता. साडू तिथं दुपार होईपर्यंत उभे राहिले. मग आत गेले, दुकानदाराचा हात धरला आणि त्यावर दस्ती टाकली. दुकानदार दचकून म्हणाला, "क्या करते जी चचा, हात छोडो!" किंमत खोक्यावर छापलेली होती. साडू म्हणाले, "ये हैदराबाद का भाव. अपुन कळमनुरी के. कळमनुरी का भाव बोलो." कळमनुरी कुठं आहे हे दुकानदाराला माहीत नव्हतं. साडूंनी ते सांगितलं. म्हणजे नांदेडपासून सुरुवात करून कयाधू नदी, तिचं उन्हाळ्यातलं पाणी, यंदाचा कापूस आणि हळद, हायब्रीड ज्वारीला लागलेली कीड असं सगळं सांगितलं. दुकानदारानं शेवटी कंटाळून म्हणा, कळवळून म्हणा, किंमत उतरवली. मग साडूंचं लक्ष काचेतल्या प्लास्टिकच्या बंदुकीकडे गेलं. टीव्हीवर उडणारी बदकं तिनं मारता येत. तिचे पैसे वेगळे. साडू संतापले. त्यांच्या घराण्यात शेळी विकली की गळ्यातलं दावं गिऱ्हाइकाचं. लक्ष्मी जाते म्हणून दावं सोडून घेणारे लोक बाजारात होते, पण अशांच्या घरचं पाणीही साडू पीत नसत. "जनावर बेचते और दावा रख लेते?" असं ते त्या हैदराबादी माणसाला इतक्या वेळा म्हणाले की दोन बंदुका, जादा जॉयस्टिक आणि एक जुनी कॅसेट अशी सगळी दावी बांधून घेऊनच ते दुकानातून उतरले. कुकर राहिला. अक्कांनी त्या दिवशी काय म्हटलं ते मी लिहीत नाही, पण त्या वर्षी त्यांच्या घरी डाळ शिजायला लागणारा वेळ हा कायम बोलण्याचा विषय होता.

दुकान टाकलं ते नेमकं माझ्या शाळेसमोर. पत्र्याची खोली, स्टुलावर ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, खाली गोणपाट. मुख्याध्यापक रोज मधल्या सुट्टीत खिडकीतून तिकडे बघत आणि मला ऐकू जाईल असं म्हणत, "काही काही लोकांचे नातेवाईक शिक्षणाला फार हातभार लावतात." आमच्या शाळेच्या वसतिगृहात कुठकुठली पोरं होती. कनेरगाव नाक्याची होती, शिरड शहापूरची होती, शिवाय गावातली होतीच. आणि बाजाराच्या दिवशी आईबापांबरोबर आलेली वाड्यावस्त्यांवरची लेकरं. या सगळ्यांना एका डावाला किती पैसे हा प्रश्न साडूंपुढे आला तेव्हा त्यांनी क्षणाचाही विचार न करता खांद्यावरची दस्ती काढली.

गिऱ्हाईक आलं की आधी त्याला दारापासून गोणपाटापर्यंत चालायला लावायचे. शेळी घेताना चालवून बघतात तसं. चालीवरून ते गाव ओळखत. कनेरगाव नाक्याचं पोरगं हायवेच्या कडेकडेनं चालावं तसं भिंतीला धरून चालतं आणि मागं वळून बघतं. शिरड शहापूरचं पोरगं ढेकळांतून चालावं तसं पाय उचलून टाकतं. कळमनुरीचं पोरगं आपल्याच बापाचं दुकान असल्यासारखं सरळ घुसतं. एकदा माझ्या शाळेत नव्यानं आलेल्या मुलाला त्यांनी "तू दोन गावचा हायेस" असं सांगितलं. मी हसलो. पोरगं खरोखरच मामाकडे वाढलेलं निघालं. मग ते दस्ती टाकून पोराचा हात धरत. नाक्यावरच्या पोरांना सगळ्यात चढा भाव, कारण त्यांच्या बापांचे ढाबे आणि खिशात ट्रकवाल्यांची चिल्लर. गावातल्यांना त्याहून कमी. खेड्यावरच्यांना रुपया. सुगी झाली की खेड्याचा भाव पेरभर चढे, पाऊस ओढ देऊ लागला की उतरे. पुढं परभणीतून फुटून हिंगोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा परभणीचे भाव आता लागू नाहीत असं जाहीर करून त्यांनी सगळ्यांचे सौदे नव्यानं केले. बंदूक मात्र सगळ्यांना फुकट, दावं म्हणून. लाइट गेली तर राहिलेला डाव पुढच्या बाजारी. विकलेली शेळी लगेच मेली तर अर्धे पैसे परत करायचा रिवाज होता, त्याच न्यायानं. "गुर्जी," ते मला सांगायचे, "खेळ तोच हाय, पर खेळणाऱ्याचा खिसा तोच न्हाई ना. फळ्यावर भाव लिवनाऱ्याला खिसा दिसत न्हाई. मी हात धरतो. हातात सारं कळतं." पोरांनाही हे आवडायचं. आपण मोठ्या माणसांसारखा सौदा करतो आहोत याची ऐट त्यांच्या चेहऱ्यावर दिसे, आणि भाव फोडला की सौदा मोडला या धाकानं कुणी कुणाला सांगत नसे. माझ्या वर्गात कॉपी पकडून देणारी पोरं तिथं मात्र मूग गिळून बसत.

त्या गिऱ्हाइकांत अनसा नावाची एक मुलगी होती. बाप मेंढपाळ, बाजारी मेंढरं घेऊन यायचा. बापाचा सौदा होईपर्यंत ही दुकानाच्या दाराशी उभी राही. साडूंनी एकदा तिला आत बोलावलं, चालवून बघितलं, दस्ती टाकली. पुढचं मला फार नंतर कळलं, पण वाचकाला ते इथंच सांगितलं पाहिजे. तिच्याजवळ काहीच नव्हतं. तिनं मूठ मिटून घेतली होती, लाजून. दस्तीखाली साडूंच्या हाताला नुसती मिटलेली मूठ लागली. त्यांनी ती तशीच क्षणभर धरली, दस्ती झटकली आणि दुकान दणाणेल असं ओरडले, "झाला!" अनसानं बंदूक उचलली. गोफणीनं पाखरं हाकणारा हात तो. टीव्हीवर एक बदक शिल्लक राहिलं नाही. तेव्हापासून दर बाजारी ती येऊ लागली आणि नाक्याची, गावातली, वसतिगृहातली पोरं आपला डाव सोडून तिचा डाव बघत बसू लागली. त्या खोलीत तिला मान होता. दुसरीकडे कुठं होता असं मला वाटत नाही.

आणि मग भाव फुटला. कसा फुटला हे सांगायला नको, पोरांच्या भांडणात फुटतो तसाच. कनेरगाव नाक्याचा गज्या नावाचा एक धिप्पाड मुलगा वसतिगृहात होता. त्याची आणि गावातल्या एका पोराची मैदानावर जुंपली, आणि "तुझ्यापेक्षा जास्ती पैशे मोजतो मी!" असं गज्या रागाच्या भरात बोलून गेला. मग प्रत्येकानं आपापला भाव सांगितला. बाजाराच्या दिवशी गज्याचा बाप जीप घेऊन हजर. पोरांचा घोळका, मुख्याध्यापक, आणि साडूंचा साडू म्हणून पंच नेमलेला मी, असे सगळे त्या पत्र्याच्या खोलीत शिरलो. गज्याचा बाप म्हणाला, "माझ्या पोराकडून तिप्पट घेऊन राहिलाव तुमी. काहून? टीव्ही तोच, खेळ तोच!" साडू शांतपणे म्हणाले, "तुमच्या ढाब्यावर ट्रकवाल्याला च्या केवढ्याला आन् फौजदाराला केवढ्याला?" यावर मुख्याध्यापकांनाही हसू आलं, आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण गज्यानं कोपऱ्याकडे बोट केलं. "आन् ही? ही किती देती? हिचा भाव कुणालाच ठाव न्हाई."

अनसा बंदूक हातात धरून उभी होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती जमिनीकडे बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. मी साडूंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर सौद्याच्या वेळी मी कधी काही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दिसलं. भाव खरा सांगावा तर ती पोर पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही, आणि गप्प बसावं तर सगळे समजायचं ते समजणार. त्यांनी दस्तीनं तोंड पुसलं आणि म्हणाले, "तिचा भाव समद्यात जास्ती हाय. पाच रुपये घेतो मी."

आता ओरडायची पाळी सगळ्यांची. गज्याचा बाप आपल्या पोराचं दुखणं विसरून अंगावर धावून गेला. "मेंढरामागच्या लेकराला लुटून राहिलाव? लाज न्हाई वाटत?" पोरंही चिडली. कालपर्यंत ज्यांना ते देव वाटत होते त्यांनी "लबाड, लबाड" असा गजर सुरू केला. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघून, नातेवाईकांबद्दलचं वाक्य या वेळी न बोलताच, पुरेसं बोलून घेतलं. मलासुद्धा खरंच वाटलं आणि मी साडूंना म्हणालो, "अहो, निदान हिच्याकडून तरी..." गज्याच्या बापानं खिशातून नोट काढून अनसापुढे धरली, तर तिनं बंदूक स्टुलावर ठेवली आणि ती पळाली. सभेचा निकाल लागला: दुकानावर फळा लावायचा, सर्वांस एकच भाव. अक्षर चांगलं म्हणून फळा मी लिहिला. 'एक डाव एक रुपया.' साडू माझ्यामागे उभे होते. खडू खाली ठेवला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अक्षर बेस हाय गुर्जी. पर लिवलं काय तुमी ते बगा."

त्यानंतर दोन-तीन बाजार अनसा आली नाही. तिचा बाप मेंढरं घेऊन यायचा, एकटाच. साडूंचं दुकान जोरात चाललं होतं, स्वस्त झाल्यामुळे नाक्याची पोरं दुप्पट खेळत होती, आणि साडू दस्ती घडी करून मांडीवर ठेवून, दावं तुटलेल्या जनावराच्या मालकासारखे रस्त्याकडे बघत बसत होते. त्याच सुमारास अक्कांनी मला बाजूला घेऊन मुठीची हकीकत सांगितली. "कुणाला बोलू नका," म्हणाल्या, "मलाबी भाकरी थापताना अर्धीच सांगितली, बाकीची मी वळखली." मी शाळेतून तडक दुकानात गेलो. म्हणालो, "साडूभाऊ, तुम्ही लोकांच्या शिव्या कशाला खाल्ल्या?" ते म्हणाले, "शिव्यायचं काय, त्या समद्यांना येकाच भावात भेटतात. पोरीचं नाव निघालं असतं तर ती तकलीफ तिलाच झाली असती." मग फळ्याकडे पाहता पाहता एकाएकी ताठ बसले. म्हणाले, "फळ्यावर भाव लिवलाय तुमी. पैशे कसे घ्यायचे ते कुटं लिवलंय?"

पुढच्या बाजारी ते स्वतः मेंढरांच्या बाजारात गेले, अनसाच्या बापाशेजारी उकिडवे बसले आणि काहीतरी बोलले. दुपारी दुकानात नवा रिवाज सुरू झाला. भाव फळ्यावर, पैसे दस्तीखाली. प्रत्येकानं मूठ मिटून दस्तीखाली हात घालायचा, साडूंनी त्याची मूठ धरायची आणि ओरडायचं, "रुपया पावला!" आत रुपया आहे, आठ आणे आहेत की नुसती हवा, हे वरून कुणाला दिसायचं कारण नव्हतं. मुख्याध्यापकांनी तपासणी केली. फळा जागेवर, भाव एक, तक्रारीला जागा नाही. पोरांना वाटलं, साडूंचं जुनं वेड गेलं नाही. त्या दिवशी अनसा दाराशी उभी राहिली, बराच वेळ इतरांच्या मुठी बघत राहिली, मग आली आणि तिनं मूठ पुढं केली. "रुपया पावला!" साडूंचा आवाज त्या वेळी जरा फाटला, पण बाजारात ओरडून घसा बसणारच. तिनं बंदूक उचलली आणि पोरांनी तिला जागा करून दिली. वात्रट पोरंही रिकामी मूठ घालत असणारच. अक्का गल्ला उघडून कुरकुरत, तर साडू म्हणत, "बाजार हाय, चालायचंच." गज्यानं मात्र पुढं मोठा झाल्यावर मला सांगितलं, की तो फळ्यापेक्षा जास्तीच देत असे. का, असं विचारलं तर म्हणाला, "सर, ते हात धरायचे तवा कमी द्यायला लाज वाटायची."

मग दिवस बदलले. घराघरांत रंगीत टीव्ही आले, शंभर खेळांची स्वस्त खोकी आठवडी बाजारात गोणपाटावर पडून मिळू लागली, हिंगोलीत नेट कॅफे निघाले. साडूंचा सेट एका उन्हाळ्यात धूर सोडून गेला आणि ते परत शेळ्यांकडे वळले, तेही गुडघे धरेपर्यंत. माझा मुलगा तोवर पुण्यात नोकरीला लागला होता. सुट्टीला आला की लॅपटॉपवर खेळत बसायचा. एकदा साडू त्याच्याशेजारी बसले आणि त्यांनी विचारलं, "ह्यो खेळ केवढ्याला?" त्यानं डॉलरमध्ये किंमत सांगितली. "कुणाला?" "कुणालाही, काका. सगळ्या जगाला एकच." साडूंनी डोळे मिटून घेतले. मुलानं पुढे उत्साहानं सांगितलं, की खेळ घेतला तरी ही चांगली तलवार त्यात नसते, तिचे पैसे वेगळे भरावे लागतात. "म्हंजे जनावर येगळं इकून राहिले आन् दावं येगळं?" साडू म्हणाले. "आन् ह्यो इकनारा बसतो कुटं? त्येला म्हनावं, कळमनुरीचा भाव सांग." मुलानं हसत सांगितलं, की तिथं बोलायला माणूसच नसतो. साडूंना हसू आलं नाही. पडद्याकडे बघता बघता नकळत त्यांचा हात दस्तीच्या टोकाशी चाळा करत होता. शेवटी म्हणाले, "मानूस न्हाई, मंग हात कुनाचा धरावा बाबा लेकरांनी?"

त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी बऱ्याचदा त्यांच्याकडे जाऊन बसायचो. ओसरीवर खाट टाकलेली असे. एका दुपारी अंगणात एसटीच्या खाकी कपड्यातली एक तरुणी आली. खांद्याला कंडक्टरची कातडी बॅग. मी ओळखलं नाही. साडूंनी तिला दारातून खाटेपर्यंत येताना पाहिलं आणि म्हणाले, "अनसा, चाल बदलली तुही. आता समद्या गावची झालीस." ती हसली. त्यांनी तिच्या नोकरीची चौकशी केली. टप्प्याप्रमाणे भाव घेतेस ना, असं दोनदा विचारलं. ती हो म्हणाली तेव्हा त्या शहाण्या सरकारी माणसाचा सत्कार झाल्यासारखं समाधान त्यांच्या तोंडावर आलं. मग ती खाटेच्या कडेला टेकली, त्यांच्या छातीवरची दस्ती उचलून दोघांच्या हातांवर टाकली आणि मिटलेली मूठ आत घातली. दोघंही अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होते, जणू पाऊसपाण्याच्या गप्पा चालल्यात. मग साडूंनी दस्ती झटकायचा प्रयत्न केला, पण हातात जोर नव्हता. तिनंच ती झटकली. ते "झाला" म्हणाले ते मला जेमतेम ऐकू आलं.

ती गेल्यावर मी विचारलं, काय दिलं तिनं? साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू पोस्टाची खिडकी आहे. "गुर्जी," म्हणाले, "इतकी वर्सं साडू हाव तुमी माझे. आन् भाव फोडाया सांगून राहिले?"

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. अक्कांनी ती दस्ती मला दिली. दुकानात छापील किंमत दिसली की मला त्यांची फार आठवण येते, आणि आता छापील किंमत दिसत नाही असं ठिकाण उरलेलं नाही. त्या दुपारी दस्तीखाली काय होतं हे अक्का मला अजून विचारतात आणि मी माहीत नाही म्हणून सांगतो. खरी गोष्ट अशी, की साडूंना विचारलं ते नुसतं त्यांच्या तोंडून ऐकावं म्हणून; माझ्या बाजूनं दस्ती जराशी सरकली होती आणि मला सगळं दिसलं होतं. पण ते मी अक्कांना सांगितलं नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही.